कँटीनच्या छपराखालचा रोलर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रोलर आहे आणि माणसांवर माझा राग आहे. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे गोड बोलण्याची अपेक्षा नको.

फरिदाबादच्या एका लेथवर मला गोल केलं आणि मानेसरच्या एका कारखान्यात, कँटीनच्या भिंतीवर नेऊन बसवलं. छप्पर पेलणारी लोखंडी कैची असते ना, तिचं एक टोक माझ्यावर टेकलेलं. दुसरं टोक समोरच्या भिंतीवर, बिजागरीत अडकवलेलं. ही बिजागरी स्वतःला फार शहाणी समजते, कारण ती जागची हलत नाही. मी हलतो. उन्हाळ्यात कैची वाढते, थंडीत आखडते, आणि बोटभर मागेपुढे मी सरकतो. बारा वर्षं सरकलो. आठवण फक्त कबुतरांनी ठेवली, आणि ती कशी ठेवली ते विचारू नका.

मग लुंबिनी आली. घरची माणसं वर्ध्याकडची, पण ही दिल्लीतच वाढलेली. नवी इंजिनियर, अजून प्रोबेशनवर. शिडी चढून तिने माझ्यावरची घाण खरवडली आणि वही उघडली. कैचीला धरणारे जोर तीनच. बिजागरीचा एक उभा आणि एक आडवा, माझा फक्त उभा. आडवं मी काही धरत नाही, तो माझा स्वभावच नाही. समीकरणंही तीनच: उभे जोर जुळायला हवेत, आडवे जुळायला हवेत, फिरवणारे जुळायला हवेत. जोरांची तीन कुलपं, समीकरणांच्या तीन चाव्या. मग सांध्यामागून सांधा घेत तिने एकेका दांडीतला जोर काढला. सगळं चार पानांत. शेवटी माझ्याखालच्या पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली: जून. पुढे ऑक्टोबरची रेघ, मग जानेवारीची.

या रेघांनीच घात केला.

मेंटेनन्सचे प्रमुख पद्माकर सर आयुष्यात पहिल्यांदा शिडी चढले ते जानेवारीत, धुक्यात, मफलर गुंडाळून. रेघा पाहिल्या आणि घाबरले.

“सर, रोलर कुठे होता त्याची नोंद आहे ती,” लुंबिनी म्हणाली.

“म्हणजे छप्पर सरकतंय.”

“सरकायलाच हवं, सर.”

“बेटा, छप्पर म्हणजे शेअर ऑटो आहे का, आगे सरको म्हटलं की सरकायला?”

त्यांनी वेल्डर बोलावला. त्याने मला हाताने चाचपलं आणि म्हणाला, साब, ये तो हिलने के लिए ही बना है. इथे इंजिनियर कोण आहे, असं सरांनी त्याला विचारलं. मग मला दोन्ही बाजूंनी जाळून खालच्या पट्टीला आणि वरच्या कैचीला चिकटवलं. अशी माणसं कौतुकाची नसतात, मित्रांनो.

संध्याकाळी सरांनी छपराच्या सुरक्षेचा दाखला तिच्यापुढे ठेवला. सही कर. तिने सांगितलं की आता रोलरही आडवा जोर धरणार, म्हणजे कुलपं चार झाली आणि चाव्या तीनच. उन्हाळ्यात भिंतीला किती रेटा बसेल ते तिच्या चार पानांत नव्हतं. तुझं कन्फर्मेशनचं लेटर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, असं सर शांतपणे म्हणाले.

तिने सही केली नाही. माझ्याखाली उभी राहून वडिलांना फोन केला.

“बाबा, बहुतेक नोकरी जाणार. हो, जेवले. नाही केली सही.”

मे महिना आला, लेटर अजून ड्रॉवरमध्येच. पत्रा असा तापला की कबुतरंही पाय उचलून बसू लागली. कैचीला वाढायचं होतं आणि मी बांधलेला. मी भिंतीला ढकललं. भिंतीला मी आवडलो नाही.

नेमका तेव्हाच कंपनीचा सुरक्षा दिवस, तोही कँटीनमध्येच. माझ्याच भिंतीवर हा भला मोठा फलक: ‘अपघाताविना ३६५ दिवस’. खाली टेबलावर हेल्मेटच्या आकाराचा केक. पद्माकर सर पलीकडे माइकवर, गळ्यात हार. ते ‘मजबूत पाया’ म्हणाले आणि भिंत तडकली. फलक सुटला आणि थेट केकमध्ये उभा रुतला. पाठोपाठ तीन विटा. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त सरांच्या भुवयांवर पिवळं क्रीम.

क्रीम पुसता पुसता सर म्हणाले की हे छप्पर लुंबिनीकडे होतं. मॅनेजरने दाखला मागवला. सहीच्या जागी कोरं होतं. शेजारी तिच्या अक्षरात ‘रोलर वेल्ड केला आहे, छपराखाली कुणी बसू नये’, आणि जानेवारीची तारीख.

त्याच दुपारी ग्राइंडरने माझं वेल्डिंग कापलं. शेवटचा धागा तुटला तसा मी कण्हत बोटभर सरकलो. एवढं सुख मला लेथवरून उतरल्यापासून मिळालं नव्हतं. लुंबिनीने नवी रेघ मारली. तिच्या लेटरवर सही करायची पाळी आता सरांची होती. म्हणे पेन चालत नव्हतं. मॅनेजरने स्वतःचं दिलं.

पण सर सुधारतील कसे? माझा सन्मान म्हणून त्यांनी माझ्या अंगाला पिवळा ऑइलपेंट फासायला लावला. तीन हात. झालो पुन्हा जाम. लुंबिनी सध्या पट्टीने तो खरवडत असते आणि मला ऐकू येईल असं काहीबाही पुटपुटते. ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

तर मित्रांनो, मला हार घालू नका, रंग तर मुळीच लावू नका. वर्षातून एकदा बोटभर ग्रीस लावा आणि लांब उभे राहा.