अल्काने निवडलेलं पेडल

मी इलेक्ट्रिक गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल बोलतोय. माझ्याकडून गोड बोलण्याची आशा धरू नका. गिटारच्या सरळ, गुळगुळीत सुराला खरखर आणायची, त्याला जरा दात फुटवायचे, हेच माझं काम. त्यातून मी ज्याच्या घरात पडून आहे, त्या माणसावर माझा राग आहे आणि तो उतरलेला नाही.

दिसायला मी लहानसा लोखंडी डबा. अंगावर तीन नॉब आणि पायाने दाबायचं एक बटण. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे ढिगाने होते, आणि सगळ्यांचा आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा, नाकातला. मग मी गोंदियाला मुन्नालालच्या दुकानात आलो. माइक, अ‍ॅम्प, कीबोर्ड दुरुस्त करणारा हा माणूस. त्याने मला उघडलं, काही बारीक पार्ट काढून दुसरे टाकले. माझा खालचा भरदार सूर मोकळा झाला, नाकातला आवाज गेला. अशा बदललेल्या पेडलला वाजवणारे ‘मॉड केलेलं’ म्हणतात.

तिथेच अल्का आली. मुर्री गावची. तिचा मोठा भाऊ रत्नपाल, त्याची भीमगीतांची पार्टी. तो गायचा, ही गिटार वाजवायची. ढोलक आणि कीबोर्डच्या गर्दीत तिची गिटार बुडायची. आवाज वाढवला की भावाच्या गाण्यावर चढायची. म्हणून तिला पेडल हवं होतं.

मुन्नालालने तीन पेडलं काउंटरवर मांडली. एक जसंच्या तसं, कारखान्यातलं. दुसरं मॉड केलेलं, चकचकीत, लाल. तिसरा मी, रंग उडालेला.

“हे लाल घे न,” रत्नपाल म्हणाला. “चमकते तरी.”

“दादा, तू गा.”

“इथं? दुकानात?”

“गा म्हणते न. तुह्या आवाजासंगच तर वाजवाचं हाये मले.”

तो कुरकुरत गायला. पहिल्या पेडलने त्याचे शब्दच गिळले. ज्या पट्टीत त्याचा गळा, नेमकं त्याच पट्टीत ते बसत होतं. लाल पेडलात गांधीलमाश्या शिरल्यासारखं वाटलं, एकही सूर ओळखू येईना. मग तिने वायर माझ्यात घातली. हळू छेडलं, जोरात छेडलं. हळू छेडलं तर मी गप्प राहिलो, जोर लावला तशी खरखर दिली. गाण्याचा प्रत्येक शब्द मधून स्वच्छ जात होता.

“अब दोनों सुनाई दे रहे,” मुन्नालाल म्हणाला.

“हेच,” अल्का म्हणाली.

रत्नपालला बरं वाटायला हवं होतं. ज्याच्या गळ्यासाठी एवढी पारख चालली होती, तो तोंड फुगवून बाहेर मोटारसायकलवर जाऊन बसला. स्वतःचं भलं दुसऱ्याने ठरवलेलं माणसांना खपत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आमगावचा कार्यक्रम आमच्या वाईटाची सुरुवात ठरला. गाणी संपली आणि बाया, पोरी स्टेजजवळ आल्या त्या अल्काकडे. “जय भीम ताई, लय मस्त वाजवलं.” रत्नपाल बाजूला माइकची वायर गुंडाळत उभा. त्याच्याकडे कोणी वळलंच नाही.

परतताना गाडीत तो फुटला. “लोकं शब्द ऐकाले येतात का तुही करवत ऐकाले?”

“दोन्ही ऐकून राहिले होते. तुलेच पाहावत नाई, म्हणून बोंबलून राहिला.”

“लय शिंगं फुटली तुले.”

“फुटली तर फुटली.”

घरी त्यांची आई, रुक्माबाई, अल्कालाच म्हणाली, “भाऊ हाये बाई तो. जमवून घे.” भावाला मात्र कोणी काही म्हणालं नाही. तेव्हापासून त्या घरात दोघं एकमेकांशी बोलायचीच नाहीत. सराव सुरू करायचा तर रत्नपाल ढोलकवाल्या संघदीपला म्हणायचा, “सांग तिले.” तीही म्हणायची, “सांग त्याले.” बिचारा दोघांमध्ये बसलेला असायचा, तरी निरोप पोचवायचा.

एकदा अल्का मावशीकडे गेली होती. रत्नपालने मला पिशवीत टाकलं आणि मुन्नालालकडे नेलं.

“हे पहिल्यासारखं करून दे.”

“काऊन? अल्का को मालूम है?”

“पार्टी माही हाये.”

मुन्नालालने नाराजीने मान हलवली, पण पेचकस उचलला. त्याच्यावरही माझा राग आहे. मला ओरडता येत नाही. कोणी पाय देईल तेव्हाच माझं तोंड उघडतं. माझ्या पोटातले पार्ट गेले, जुने आले आणि मी पुन्हा नाकात बोलणारा झालो. रत्नपालने मला होतो त्याच जागी ठेवून दिलं.

पुढचा कार्यक्रम दरेकशाकडच्या एका गावात, विहाराच्या वर्धापनदिनाचा. दुपारची वेळ, मांडव भरलेला. वाटेत गाडी बंद पडल्याने उशीर झाला होता. आवाज तपासायला सवड मिळाली नाही. पहिलं गाणं अल्काने साधंच वाजवलं. दुसऱ्याच्या धृपदाला तिने माझ्यावर पाय दिला.

मी नेमका रत्नपालच्या गळ्यावर जाऊन बसलो. त्याचे शब्द ऐकू येईनासे झाले. त्याने जोर लावला, आणखी लावला, आणि वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरला. पुढच्या रांगेतल्या पोरी हसल्या.

“गिटार बंद कर!” तो माइकमध्येच ओरडला. सगळ्या मांडवाने ऐकलं.

अल्काने मला बंद केलं, खाली वाकून उचललं, उलटं केलं. स्क्रूंवर ताजे ओरखडे होते.

“कोणी उघडलं हे?”

संघदीपचा हात ढोलकावरच थांबला.

“म्या,” रत्नपाल म्हणाला. “आवाज कोनता राहील ते म्या ठरवीन.”

“तुहा आवाज वाचावा म्हणून घेतलं होतं मी हे.”

तिने मला वायरीतून सोडवून स्टेजच्या कडेला ठेवलं. उरलेली सगळी गाणी तिने साध्या सुरात वाजवली, एकही ठोका न चुकवता, कारण माणसं बाबासाहेबांची गाणी ऐकायला बसली होती. शेवटचं गाणं झालं. तिने गिटार पिशवीत भरली आणि दरेकशा स्टेशनवरून गोंदियाची गाडी धरली. मला तिने तिथेच सोडलं. बदललेल्या आवाजाचं तिला काय करायचं होतं? मला कळत होतं, तरी वाईट वाटलं.

ती मुर्रीला राहिली नाही. कुडव्याला खोली घेऊन पोरींना गिटार शिकवायला लागली, रीना नावाच्या गायिकेच्या पार्टीत वाजवायला लागली. रत्नपालने मला उचलून घरी नेलं आणि दुसरे गिटारवाले आणले. ते त्याच्या गाण्यावरून रेडे पळवल्यासारखे वाजवायचे. हळूहळू कार्यक्रम कमी झाले.

यंदा जयंतीच्या तोंडावर त्याने मला पुन्हा मुन्नालालकडे नेलं, पुन्हा मॉड करून घेतलं, आणि कुडव्याला गेला.

अल्काने दार उघडलं. बस म्हणाली नाही. त्याने मला पुढे केलं. “बघ.”

तिने मला गिटारला जोडलं. हळू वाजवलं, मग जोरात. तिन्ही नॉब फिरवून पाहिले. माझा आवाज हुबेहूब तोच होता. रत्नपालचा चेहरा सैल झाला.

“आवाज बरोबर हाये,” तिने वायर काढली आणि मला त्याच्या हातात दिलं.

“मंग चाल न घरी. जयंतीले वाजव.”

“पेडल बरोबर झालं म्हणून मी यावं काय?”

“आलो न मी तुह्याकडे?”

“पेडल घेऊन आलास. ‘माहं चुकलं’ म्हणासाठी तोंड उघडलं काय?”

तो माझे नॉब फिरवत राहिला. तिने दार लावून घेतलं.

आता मी मुर्रीला त्याच्या कपाटात आहे. रत्नपाल मला अधूनमधून काढतो, फडक्याने पुसतो, परत ठेवतो. त्याला वाटतं, त्याने मला दुरुस्त केलं म्हणजे सगळं केलं. माझा सूर आता उत्तम आहे, आणि ऐकायला कोणी नाही.

रत्नपाल, मला पुसू नकोस. तुझा हात मला नको. वाजवणाऱ्या कोणालाही देऊन टाक. आणि जमलं तर एकदा कुडव्याला रिकाम्या हातांनी जा.