मिरजेची गवसणी, समुद्राची फळी

लाटेवर उभं राहायची फळी तुम्ही कधी जवळून पाहिली आहे का? मला ज्यांनी शिवलं, त्या मनुबाईंनी पाहिली नव्हती. तरीही मी त्या फळीच्या कामी आले. कशी, तेच सांगते.

मी गवसणी बोलतेय. तंबोऱ्याला, सतारीला प्रवासात धक्का लागू नये म्हणून जी खोळ घालतात, ती गवसणी. माझा जन्म मिरजेचा, वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतला. खारव्याच्या जाड्या लाल कापडाचं अंग, आत कापसाचा थर आणि अस्तराला मनुबाईंचं वापरून मऊ झालेलं लुगडं. माझ्या थोरल्या बहिणी कुठल्या कुठल्या मैफलींना जाऊन आल्या आहेत. एक तर विमानात बसली. आमच्या घराण्याला थोडा ताठा आहे, हे मी लपवत नाही.

माझ्या वाट्याला मात्र तंबोरा आला नाही.

कराडला लागून असलेल्या मलकापुरात मनुबाईंची भाची क्रांती राहते. कॉलेजच्या शिबिरासाठी ती गुहागरला गेली, तिथं लाटांवर फळी चालवायला शिकली आणि घरी आली ती समुद्राचंच बोलत. तिथल्या सरांनी तिला सरावाला एक जुनी फळी दिली. समुद्र नाही तर नाही, क्रांती कृष्णेच्या संथ पाण्यात फळीवर पालथी पडून हात मारायची. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका बघत बसायच्या. "आगं, पोरीनं इस्तरीचं टेबल पाण्यात सोडलंय!" असं एकजण म्हणाली, ते नाव फळीला चिकटलंच.

एकदा ती फळी गोधडीत आणि बारदानात गुंडाळून गुहागरला नेताना वाटेत मोडली. क्रांतीनं ती सांधून, घासून पुन्हा गुळगुळीत केली. सर रागावले नाहीत, पण म्हणाले, "क्रांती, इथल्या लाटांवरच्या स्पर्धेला पुन्हा मोडकी फळी आणलीस, तर मी तुला पाण्यात सोडणार नाही. मोडकी फळी अंगावर उलटते." दुसरी फळी तिच्याकडे नव्हती. म्हणून तिनं आत्याला फोन केला.

मनुबाई माप घ्यायला मलकापूरला आल्या, तेव्हा फळी भिंतीला टेकून उभी होती. रुंद बाजू खाली, निमुळतं टोक वर. बघणाऱ्याला तंबोराच वाटावा. मनुबाईंची एक रीत आहे. माप घेण्याआधी त्या वाद्याला कुंकवाचं बोट लावतात आणि हात जोडतात. फळीच्या खालच्या रुंद भागावरही त्यांनी बोट लावलं.

क्रांतीला हसू आवरेना. "आवं आत्या, ह्याला तारा न्हाईत. ह्याच्यावर उभं ऱ्हायचं असतंय."

"उभं? पाय दिऊन?"

"व्हय."

"मग तर दोनदा हात जोडायला पायजेत," मनुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच दोनदा जोडले.

पाय घसरू नये म्हणून त्या फळीला मेण चोळलेलं असतं. त्या मेणात ते कुंकू जे बसलं ते बसलंच.

मनुबाईंना एवढंच ठाऊक होतं की फळी मोडली होती. कुठं मोडली, हे त्यांनी विचारलं नाही आणि क्रांतीनं सांगितलं नाही. तंबोऱ्याचा खालचा भोपळा सगळ्यात नाजूक असतो. म्हणून मनुबाईंनी माझ्या बुडाला दुप्पट कापूस भरला, अगदी उशीसारखा. वरच्या टोकाला मी नुसत्या कापडाची, नाडी ओढून तोंड मिटणारी. त्या मला शिवत होत्या तेव्हा गल्लीतली माणसं थांबून हात लावून बघायची. मी फुलून गेले होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी मनुबाई मला घेऊन मलकापूरच्या नाक्यावर उतरल्या. तिथं नाथाजींचा भाजीचा टेम्पो उभा होता. नाथाजी घाट उतरून गुहागरपर्यंत भाजी पोचवायचे, आणि क्रांतीला सोबत न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. क्रांतीनं फळी माझ्यात घातली. नाथाजींनी मला खालून वर निरखलं.

"आक्का, ह्यात काय हाय? मयत-बियत न्हाई न्हवं?"

"मयत असती तर मी अशी हासत आली असती व्हय रं?" मनुबाईंनी त्यांना गप्प केलं.

क्रांती मात्र हसली नाही. "लय झ्याक झालीया, आत्या," ती म्हणाली, पण तिचा हात माझ्या वरच्या टोकाशी घुटमळत होता. बोटांनी ती पातळ कापड दाबून बघत होती. मनुबाईंनी तो हात पाहिला.

"खरं बोल पोरी. कुठं चुकलं?"

"न्हाई आत्या, काय न्हाई."

"क्रांते, कुठं मोडली हुती फळी?"

क्रांती खाली बघत म्हणाली, "वर. नाकात, ह्या निमुळत्या टोकाला. खालची बाजू दणकट असती."

मला वाटलं, संपलं आपलं. सगळा कापूस बुडाला आणि जिथं धक्का बसायचा तिथं मी नुसतं फडकं! मनुबाईंचा चेहरा पडला. पण क्षणभरच. मग त्यांनी पिशवीतून कात्री काढली.

"काढ भाईर फळी. उलटी घालू."

"आवं, रुंद बाजू त्या तोंडातनं न्हाई मावायची."

"मावंल."

आणि ज्या बाईनं मला टाका टाका मोजून शिवलं, तिनंच माझी गळ्याची शिवण कराकरा उसवली. मला फार लागलं. कापडापेक्षा मनाला जास्त. फळीचं नाक माझ्या उशीसारख्या बुडात गेलं. तिथं जागा उरली, तर मनुबाईंनी खांद्यावरची शाल कोंबली. रुंद बाजू उघड्या गळ्याशी आली. तिथं दाभणानं सुतळी ओवून त्या आवळायला लागल्या.

"आक्का, कोथमीर सुकली माझी!" नाथाजी ओरडले.

"पाणी मार तिच्यावर. मला घाई करू नगं."

नाथाजींनी मुकाट्यानं पाणी मारलं. शेवटची गाठ बसल्यावरच टेम्पो हलला.

पाटण गेलं, कोयना गेली. मी कोबीच्या पोत्यांवर आडवी होते. कुंभार्ली घाटाच्या एका वळणावर समोरून ट्रक आला आणि नाथाजींनी करकचून ब्रेक दाबला. टोमॅटोचे क्रेट सरकले. सगळ्यात वरचा सुटला आणि थेट माझ्या बुडावर आदळला. खारवा फाटला, कापूस बाहेर आला, टोमॅटोचा रस आत झिरपला. पण धक्का आत गेला की नाही, ते माझं मलाच कळेना. क्रांती मागं आली, तिनं फाटलेली जागा पाहिली आणि तिच्यावर तळहात ठेवला. गुहागर येईपर्यंत ती पुढं जाऊन बसलीच नाही.

किनाऱ्यावर सरांच्या समोर तिनं सुतळी सोडली. सरांनी नाकावरून हात फिरवला, एकदा, मग पुन्हा. सांधा जसाच्या तसा होता.

"कुणी शिवली ही?" सरांनी विचारलं.

"माझ्या आत्यानं. मिरजेच्या. वाद्यांच्या गल्लीत असतीया ती," क्रांती म्हणाली. इतक्या ताठ मानेनं घेतलेलं आमच्या घराण्याचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

मग तिनं फोन लावला. "आत्या, नाक शाबूत हाय!"

"आन् माझी गवसणी?"

"टमाट्यानं न्हालीया."

"न्हाऊ दे. आता खुशाल पाय दे त्या फळीवर. नमस्कार मी आधीच केलाय."

आता माझ्या बुडाला निळं ठिगळ आहे आणि गळ्याला सुतळीच आहे. मनुबाई नवी शिवण घालायला निघाल्या होत्या, क्रांतीनं नको म्हटलं. मी खुंटीवर असते, खाऱ्या पाण्यानं थोडी कडक झालेली. समुद्र पाहिलेली आमच्यात मी एकटीच. माझं एवढंच मागणं आहे: कुणाची वस्तू जपायला घ्याल, तेव्हा तिचं नाजूक टोक कुठलं, ते आधी विचारा.

फळी शाबूत निघाली त्या दिवशी सरांनी मला धुऊन सुरूच्या झाडाला वाळत घातलं. तिथून सगळा किनारा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीचं नाव पुकारलं, आणि ती कुंकवाच्या बोटाशेजारी पाय रोवून लाटेवर उभी राहिली.