रॅमची पट्टी

नणंदेने शेवटचा स्क्रू काढून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण ओढलं, आणि आतून धुळीचा असा लोट आला की दोघींनी एकदमच तोंडं फिरवली.

"ईऽऽ! वहिनी, काय पाळलंयस काय आत?"

पंख्याच्या पात्यांना केसांची गुंतवळ चिकटली होती. तळाशी झुरळांचे पंख, त्यांच्या अंड्यांची काळपट टरफलं, आणि कसलासा चिकट थर, बोट लावलं तर बोटाबरोबर ताणला जाणारा. पण तिला नाक मुरडायलाही फुरसत नव्हती. चार वाजता तिची मुलाखत होती, ह्याच पडद्यावर. लग्नानंतर सुटलेलं हिशेबनीसाचं काम परत मिळवायची एवढ्या वर्षांतली पहिली संधी. तक्ते करून दाखवायचे होते, फोनवर भागण्यासारखं नव्हतं. आणि सकाळपासून हे यंत्र नुसतं पीं पीं करत होतं. दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पडदा मात्र काळाठिक्कर. म्हणून तर दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या नणंदेला तिने जेवणावरून उठवून आणलं होतं.

"शी शी शी! खाली कागद पसरा आधी," नवरा लांबून म्हणाला. तो सोफ्याच्या पार टोकाला बसला होता, नाकाला रुमाल लावून. "फरशीवर सांडेल सगळं. आणि ठकू, त्या ब्रशने नको, दुसरा घे."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस दादा. ये, धर इथे."

"छे गं बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

पडद्याची वायर बदलून झाली होती, मॉनिटरही ठीक निघाला होता. नणंद ब्रशने एकेक कोपरा झाडत गेली आणि मध्येच थांबली.

"वहिनी, टॉर्च जरा खाली धर."

त्या सगळ्या घाणीत बोटभर लांबीची एक खाच लख्ख होती. नुसती रिकामी नाही, पुसलेली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघड्या.

"इथली रॅम कुठे गेली? ती पट्टी नसली की मशीन असंच बोंबलतं. पडद्यावर काही येतच नाही."

"जुनं मशीन आहे," नवरा म्हणाला. "झिजली असेल."

"रॅम म्हणजे काय अंगाचा साबण आहे, झिजायला?"

नणंद हसली नाही. तीही हसली नाही. ती त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिली. हात लावण्याआधी पुसणारा आणि लावून झाल्यावर पुन्हा पुसणारा माणूस ह्या घरात एकच होता. दाराची कडीसुद्धा तो रुमालाने धरायचा.

सकाळी ती रडकुंडीला आली तेव्हा ह्याच माणसाने चहा करून दिला होता. पाठीवरून हात फिरवत म्हणाला होता, "जाऊ दे गं. नशिबात नसेल. आपल्याला काय कमी आहे?" आणि ती, मूर्खासारखी, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली होती. किती समजूतदार नवरा मिळाला, असंही वाटून गेलं होतं तिला. आता आठवलं आणि शिसारी आली. त्यापेक्षा ती झुरळं बरी म्हणायची. घाण करतात, पण वर पाठीवरून हात तरी फिरवत नाहीत.

"दादा," नणंद वर न बघता म्हणाली, "आण."

"काय आण?"

"मला उठायला लावू नकोस."

तो उठला. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. परत आला तेव्हा हातात इस्त्रीचा रुमाल होता, चौकोनी घडी घातलेला. नणंदेने घडी उलगडून पट्टी काढली, खाचेत बसवली आणि अंगठ्याने दाबली. खट्.

"तुझीच ओढाताण झाली असती," तो बायकोला म्हणाला. आवाज तोच, सकाळचा, मऊ. "घर, नोकरी... मला बघवलं नसतं. तुझ्यासाठीच केलं मी."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ह्याचे तर डोळे टक्क उघडे होते, आणि त्यात पाणीही होतं. ती बघूच शकली नाही.

"बाहेर जा," ती म्हणाली. "दार ओढून घ्या."

तो गेला नाही, दारातच उभा राहिला. पडदा उजळला. तिने साबण लावून दोनदा हात धुतले, केस नीट केले आणि खुर्चीवर बसली. नणंद उघड्या कॅबिनेटशेजारी जमिनीवर मांडी घालून बसून राहिली.

मुलाखत चांगली झाली. तक्ते भराभर जमले, तिचं तिलाच नवल वाटलं. शेवटी पलीकडच्या बाई हसून म्हणाल्या, "मग घरूनच काम करणार ना? अर्जात तुम्ही तसंच लिहिलंय."

दारातून तो मान डोलावत होता. घरून असेल तर हरकत नाही, अशी.

"नको," ती म्हणाली. "तुमचं ऑफिस ज्या गावात आहे, तिथे बायकांना राहायला खोली मिळेल का?"