शटरमागचा ग्रंज

सौदा कादिरमामूंच्या बाजूचाच होता. मोबाइलच्या दुकानात फक्त सौदी माणूस चालेल असा हुकूम निघाल्यापासून जेद्द्याच्या बलद बाजारातले कितीतरी रत्नागिरीकर गाशा गुंडाळून गेले. मामूंना मात्र काउंटरवर बसायला तल्हा मिळाला, तिथलाच सौदी पोरगा, तोही फुकट. त्याला फक्त ड्रम वाजवायला मागची खोली हवी होती. गाणारा तर घरचाच, मामूंचा भाचा झयान.

पोरं त्या गाण्याला ग्रंज म्हणत. मामू घसादुखी म्हणत. बाप गेल्यापासून झयानला झोप नव्हती. गोळ्या खाई, भिंतीवर डोकं आपटी आणि मग असं काही गाई की इंटरनेटवर हजारो पोरं ऐकून रडत. आता सौदीत गाण्याच्या कार्यक्रमांना परवानगी मिळू लागली होती. शुक्रवारी तो पहिल्यांदा स्टेजवर उभा राहणार होता.

"मामू, एकदाच माइक लावून बघतो."

"शुक्रवारी लाव की! आज माझ्या पोटावर पाय नको देऊस."

अजान झाली. बाजाराची शटरं पडली. तल्हा मशिदीत गेला. मामूंची खरी दुकानदारी आता सुरू व्हायची: नमाजच्या वेळी तपासणी होत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. बंद शटरमागे ते स्वतः फोन उघडून सोल्डरिंग करू लागले.

आणि मागून झयान किंचाळला. माइकमधून, पूर्ण आवाजात.

मामूंनी धावत जाऊन वायर उपटली. "वेड लागलं का रे? नमाज चाललीय!"

झयान घामाने निथळत होता. "राहवलं नाही, मामू. आतून फुटत होतो."

तेवढ्यात शटरवर थापा पडल्या.

पोलीस आत आले. टेबलावर उघडा फोन, गरम सोल्डरिंग गन. समोर दोन हिंदुस्थानी, सौदी एकही नाही.

"इथे काम कोण करतं?" पोलिसाने अरबीत विचारलं.

मामू टेबलापासून एक पाऊल मागे सरले. झयानने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन गन उचलली.

"अना," तो म्हणाला. मी.

पोलीस मामूंकडे वळला. "खरं?"

मामूंनी मान डोलावली.

शुक्रवारी तल्हाने स्टेजवर दुसराच गाणारा उभा केला. झयान तेव्हा कोठडीत होता. महिन्याभरात त्याला कायमचं रत्नागिरीला धाडलं.

"भाई, तो दुकानात काय करत होता?" झयानच्या आईने, शरफुन्निसाने, फोनवर विचारलं.

"काम शिकत होता," मामू म्हणाले. "गातो का गं?"

"कुठलं गाणं? बोलतसुद्धा नाही."

मामूंचा इकामा, तिथे राहण्याचा परवाना, शाबूत राहिला, दुकान राहिलं, तल्हाचा बँडही राहिला. दंड मामूंच्या सौदी जामीनदाराने, कफीलने, भरला. बाकीचं सगळं झयानने.