गाते दिवस, मुके दिवस

“अक्का, गाणं आवर. गिऱ्हाईक आलंय.”

बाबांचा तो आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी सहा वर्षांची होते. काउंटरखाली बसून डब्याच्या झाकणात बटणं रंगांप्रमाणे लावत होते. वर आत्या गात होती,

पहिलं गं बटण, लाविते गळ्यापाशी
अडली हाक बाई, झोपू दे उशापाशी

आणि दातांनी दोरा तोडावा तशी ती ओळ तिथंच तुटली. गाण्यानं गिऱ्हाईक बिथरतं, असं बाबांचं म्हणणं. तेव्हापासून आत्या दुकान रिकामं असलं तरच गायची. दाराचा पडदा हलला की गप्प. पंधरा वर्षं हेच चाललंय.

आमचं दुकान बटणांचं. शिवाय लेस, हुक, झिपा, दोऱ्याची रिळं. पुढे आत्या गिऱ्हाइकांशी बोलते. गिऱ्हाईक मागेल तशी मागच्या टेबलाशी बाबा बटणं मोजून डझनाच्या पुड्या बांधतात. आत्या आपल्या या धाकट्या भावाला ‘मोजणीदार’ म्हणते.

यंदा माझं व्यवस्थापनाचं शेवटचं वर्ष, म्हणजे संशोधन प्रकल्प आलाच. मी मोठ्या झोकात पहिलं गृहीतक लिहून नेलं: ‘माया लावली की धंदा वाढतो.’

“माया कशात मोजणार? किलोत की मीटरमध्ये?” मॅडमनी विचारलं. “गृहीतक असं हवं की ते तपासता येईल, आणि कदाचित खोटंही ठरेल. एक गोष्ट तू स्वतः बदलायची, ते स्वतंत्र चल. तिच्यामुळे जे बदलतंय असं तुला वाटतं, ते आश्रयी चल. बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं.”

पडेल चेहऱ्यानं दुकानात आले, तर आत्या रिकाम्या दुकानात गात होती. माझ्या पायाखालची वाट एकदम उजळली. त्याच दुपारी वहीत लिहिलं: ‘दुकानात गाणं चालू असेल, तर ठरवून आलेल्या वस्तूखेरीज आणखी काही घेणाऱ्या गिऱ्हाइकांचं प्रमाण वाढतं.’ गाणं हे स्वतंत्र चल, जादा वस्तू हे आश्रयी चल. मॅडम खूश झाल्या. पण मनातलं खरं कारण मी वहीत लिहिलं नाही. मला आत्याला तिचं गाणं परत मिळवून द्यायचं होतं.

बाबा नाही म्हणाले नाहीत. फक्त चष्म्यावरून बघत म्हणाले, “बारा दिवस. मग आकडे गा म्हणाले तर गाणं, गप्प म्हणाले तर कायमचं गप्प. कबूल?”

मी कबूल झाले. आकड्यांवर माझा भारी विश्वास.

बारा चिठ्ठ्या केल्या, सहा गात्या, सहा मुक्या. रोज सकाळी आत्यानं डोळे मिटून डब्यातून एक काढायची. मला काय सिद्ध व्हायला हवंय, ते तिला सांगायचं नाही, असा शिरस्ताच आहे. नाहीतर माणूस नकळत तसाच वागायला लागतो.

“पण संशोधकबाई, तुला नेमकं हवंय काय?” आत्या विचारायची.

“ते गुपित.”

“असू दे, असू दे. माझ्या भाचीचं गुपित मला कळत नाही थोडंच!” असं म्हणून ती डोळे मिचकावायची.

गात्या दिवशी दुकान भरलेलं असताना आत्या गायली, तेव्हा आधी तिचा आवाज लाजला. मग सैल झाला.

दुसरं गं बटण, लाविते मनगटी
सुटल्या बोटांच्या बाई, पुन्हा पडू दे गाठी

गिऱ्हाइकं ऐकत उभी राहायची. कुणी काउंटरवर ताल धरायचं. त्या दिवसांत आमच्या नेहमीच्या शिंपीणबाई मात्र दोनदा पुड्या परत घेऊन आल्या. एकीत अकरा बटणं, एकीत चौदा. “मोजणीदार, डझनाचा भाव बदलला का?” असं म्हणून त्या हसल्या. बाबांचं वय झालं, असं मी समजले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी बेरीज केली, आणि ती पुन्हा एकदा करून पाहिली. गात्या दिवसांत नव्वद गिऱ्हाइकांपैकी सत्तावीस जणांनी जादा काही घेतलं होतं. मुक्या दिवसांत अठ्ठ्याऐंशीपैकी एक्केचाळीस जणांनी!

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “गृहीतक खोटं ठरलेलं चालतं. आपण खोटं बोललेलं चालत नाही. नोंदी पुन्हा बघ, दुसरं काही बदललंय का.”

पेन हातात होतं. सत्तावीसचे सत्तेचाळीस करायला कितीसा वेळ लागतो? पण वही मिटली नाही, उलट पहिल्या पानापासून वाचत गेले. एक रकाना मी उगाच ठेवला होता, ‘किती खण उघडले’. गात्या दिवशी आत्या एका गिऱ्हाइकामागे दोन खण उघडत होती. मुक्या दिवशी सात, आठ, एकदा तर अकरा!

“आत्या, हे काय गं?”

ती लेस गुंडाळत होती. चोरी पकडल्यासारखी थांबली. “काय म्हणजे? मुक्या दिवशी जीव तोडून माल दाखवला. एकीला तर आरशापाशी ओढत नेलं, लेस खांद्यावर टाकून दाखवली. तुझ्या डिगरीचा प्रश्न ना!”

“पण मुक्या दिवशीच का?”

“अगं, तुला तुझ्या बापाचंच खरं करायचं होतं ना? गाण्यानं गिऱ्हाईक बिथरतं ते?” तिनं लेसचं टोक बोटाला गुंडाळलं. “गाणं गेलं तर गेलं म्हटलं. पोरगी पास झाली पाहिजे.”

ज्या गाण्यासाठी मी झुरत होते, ते तिनं माझ्यासाठीच हरवलं होतं. मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. मग मी तिला माझं गुपित सांगितलं. ती म्हणाली, “वेडी का काय तू!” आणि मला एक चापट मारली. मग तीही हसायला लागली.

“म्हणजे आकडे रद्द,” मी म्हणाले. “गाणं बदललं, पण आत्याही बदलली. आता पुन्हा बारा दिवस. या वेळी रोज दोनच खण उघडायचे.”

“नको,” मागून बाबा म्हणाले.

ते केव्हा येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही. हातात शिंपीणबाईंनी परत केलेली चौदा बटणांची पुडी. त्यातलं एक बटण ते बोटांत फिरवत राहिले.

“मोजणीदार, आता काय चुकलं?” आत्यानं विचारलं.

“पंधरा वर्षांपूर्वी चुकलं.” त्यांनी पुडी काउंटरवर ठेवली. “अक्का, गिऱ्हाइकांचं काही नव्हतं गं. तू गायला लागलीस की मीच ऐकत बसायचो, आणि माझी मोजणी चुकायची.”