एका खणाची पिशवी

गंगाबाईंनी खणाचा एक कोपरा समोरच्या कोपऱ्याला भिडवला आणि अंगठ्याचं नख घडीवरून शेवटपर्यंत ओढत नेलं. खळ दिलेलं कापड कागदासारखं कुरकुरलं. मग त्यांनी तीच घडी उलटी मोडली, दोन्ही बाजू आत ढकलल्या, आणि चपट्या त्रिकोणातून पिशवीचं पोट उभं राहिलं.

"एक पण टाका नाही, एक पण काप नाही," मिताली बघायला आलेल्या दोघी पाहुण्यांना तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. "जपानमध्ये कागदाचं करतात ने, ते आम्ही खणाचं केलं."

बोलता बोलता तिने खणाकडे पुन्हा पाहिलं. हिरवा, लाल काठाचा. कारखान्याच्या ढिगात असा रंगच नव्हता.

"हा आपला नाही ने, गंगाबेन?"

"माझा आहे. नमुन्याला चालेल."

त्या वर्षांत शहराच्या अलकापुरी भागात काचेच्या दर्शनी भागाची नवी दुकानं उघडत होती आणि त्यांना रोज काहीतरी निराळं हवं असे. मिताली युनिव्हर्सिटीत कापडाची कलाकारी शिकून आली, तिने कारखान्यासाठी गावाबाहेर छाणीला दोन खोल्या घेतल्या आणि जुन्या गावातल्या घडियाळी पोळातून गंगाबाईंना कामाला बोलावलं. पहिली पिशवी नीट बसेना, म्हणून तिने खणाचा कोपरा कातरला होता. गंगाबाईंनी ती हातात घेतली नाही. कापलेला खण कुणाच्या ओटीत जात नाही, म्हणाल्या. मग महिनाभर दोघी जुनी वर्तमानपत्रं दुमडत बसल्या. अखेर जमलं. उलगडली की पिशवीचा पुन्हा अख्खा खण व्हायचा.

हे ऐकूनच विमलाबाई आल्या होत्या. सुनेचं डोहाळजेवण रविवारी होतं, आणि येणाऱ्या सवाष्णींना खण-नारळ अशा पिशवीतून द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. सून अबोली स्टुलावर टेकली होती. सातवा महिना लागला होता. अबोली म्हणजे गंगाबाईंची भाची. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिची वेणी, तिचा डबा, तिच्या गोवर-कांजिण्या, सगळं या आत्यानेच केलं.

"रविवारी जरा लवकर या, गंगाबाई," विमलाबाई म्हणाल्या. "आचारी आहे, पण घरच्या माणसाची नजर हवी. ओट्या भरायच्या वेळी बाहेर फार गर्दी होईल, तेव्हा तुम्ही आतच बसा. आत पंखाही आहे."

"येईन," गंगाबाई म्हणाल्या.

अबोलीच्या लग्नातही त्या आतच बसल्या होत्या. बँडचा आवाज भिंतीतून येत होता, त्यावरून त्यांनी काय चाललं असेल ते ओळखलं. त्यांचं कपाळ बाविसाव्या वर्षापासून मोकळं होतं. पण गोड बातमी कळली त्याच संध्याकाळी मांडवीच्या बाजारात जाऊन त्यांनी हा खण घेतला होता. कुणाच्या हातून द्यायचा, ते पाच महिने ठरत नव्हतं.

"शिवण नाही म्हणता, मग नारळाने फाटून नाही पडणार?" विमलाबाईंनी थैलीतून नारळ आणि तांदळाची पुडी काढली. "मी आणलंच आहे. सवाष्णींच्या हातातून नारळ सुटला तर नाव आमचं जायचं."

मिताली हसली. "भरून दाखवा, गंगाबेन."

रिकामी पिशवी टेबलावर कलत होती. मितालीने ती धरायला हात पुढे केला, पण अबोलीने आधीच उचलली. तिने खांद्यावरचा पदर पुढे घेतला, मांडीवर पसरला आणि पिशवी त्यात ठेवली.

"मी धरते. भर, आत्या."

गंगाबाईंनी विमलाबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा लावून ढिगातले रंग निवडत होत्या.

"मितालीबेन भरतील," गंगाबाई म्हणाल्या. "माल त्यांचा आहे."

"खण तुझा आहे ना?"

मितालीने तांदळाची पुडी उचलली होती. तिच्या मोठ्या बहिणीचा खोळो, म्हणजे त्यांच्याकडची ओटी, गेल्याच वर्षी भरला होता. तिने पुडी सोडवून गंगाबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

गंगाबाईंनी नारळ पिशवीत ठेवला. घड्या ताणल्या, पण सुटल्या नाहीत. मग तांदळाची एक ओंजळ. दुसरी. तिसरीतले चार दाणे पदरात सांडले. अबोलीने ते झटकले नाहीत. ती मान खाली घालून बसली होती, लहानपणी वेणी घालून घेताना बसायची तशी.

गंगाबाईंनी हात मागे घेतला आणि लुगड्याला पुसला.

"धरला भार," त्या म्हणाल्या. "पडत नाही."

बाहेरून एक रिक्षा गेली. विमलाबाईंनी एक जांभळा खण उजेडाकडे धरला, त्याचा काठ बोटाने चाचपला.

"पाच ओंजळी होऊ देत, गंगाबाई," त्या खणावरची नजर न काढता म्हणाल्या. "तीनवर सोडू नये."

अबोलीने पदर दोन्ही हातांनी आणखी थोडा पसरला.