मष्णूची गाठ

मी एक जुनी वेळूची नळी आहे. खरे सांगायचे तर आता अर्धीच उरले आहे, पण ते पुढे येईलच. मित्रांनो, वेळू म्हटला की तुम्हाला पावा आठवत असेल. मी त्यातली नव्हे. माझ्या पोटातून कधी सूर निघाला नाही, फक्त पाणी वाहिले. ते कोणाला आणि कसे द्यायचे, एवढ्यावरच माझे सारे आयुष्य गेले. माझी गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. मला राग आहे, आणि त्यातला पहिला राग माझा माझ्यावरच आहे.

निपाणीहून संकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक गाव आहे. तिथल्या ओढ्याकाठी मी वाढले. दिल्लीत इंग्रज बादशहाचा दरबार भरला, त्या वर्षी गावातल्या सुबरावांनी महारवाड्यातल्या मष्णूला हुकूम सोडला, "एक वेळू तोड. साडेतीन हात लांब धर आणि आतनं मोकळा कर." कशासाठी, ते त्यांनी सांगितले नाही. मष्णूने आपला तर्क केला. गुरांना औषध पाजायला हवी असेल. एवढी लांब कशाला, हे त्याला कळेना. पण सुबरावांचा एक खोंड मारका होता. त्याला लांबूनच पाजावे लागत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मग त्याने मन लावून काम केले. सळई लाल करून माझ्या पेरांमधले पडदे एकेक करून जाळले. जनावराच्या हिरडीला टोचू नये म्हणून माझी दोन्ही तोंडे दगडावर घासून गुळगुळीत केली. मुक्या जिवाची एवढी काळजी करणारे हात मी नंतर त्या घरात फारसे पाहिले नाहीत.

भर दुपारी त्याने मला सुबरावांच्या अंगणात आणून ठेवले. सुबरावांच्या बायकोने, रुक्माबाईने, माझ्यावर गोमूत्र शिंपडले आणि मला उचलले. मष्णूने घाम पुसत म्हटले, "आईसाब, वाईच पाणी घाला." रुक्माबाई जोत्यावर उभी राहिली. माझे एक टोक तिने जोत्याच्या कडेला टेकवले, दुसरे खाली त्याच्या दिशेने केले आणि वरून तांब्या ओतला.

मष्णूने एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्याने खाली बसून ओंजळ धरली. मारका खोंड कोण, ते त्याला तेव्हा कळले.

त्या दिवसापासून मी त्या घरच्या बाहेरच्या खुंटीवर टांगलेली असे. माझ्या वरच्या टोकाला रुक्माबाईने काळा दोरा बांधला. ती घरची बाजू. खालची ती बाहेरची बाजू. घरच्यांनी बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही आणि बाहेरच्यांनी मला कुठेच लावायचा नाही. ओंजळ वर आली की धार तोडायची. पाणी पिऊन झाले की मला उलटी करून उन्हात ठेवायची. हे सारे रुक्माबाईने सून राजाबाईला शिकवले, भाकरी थापायला शिकवावी इतक्या मायेने. राजाबाईने ते आपल्या मुलीला, मनूला शिकवले. या शिकवण्यात कोणी ओरडत नसे, कोणी मारत नसे. ते झाले असते तर निदान एखादे पोर बिथरून उठले असते! इथे सगळे लाडात चालायचे. चार वर्षांची मनू एरंडाची पोकळ दांडी घेऊन बाहुलीला पाणी पाजायची. शेजारच्या पोरीला अंगणात बसवून म्हणायची, "तू म्हारीण हो गं, मी वरनं वतते." घरची सगळी कौतुकाने हसायची. मीही खुंटीवरून बघत होते. मला हसता येत नव्हते, एवढेच माझे पुण्य.

मनू आठ वर्षांची होती, त्या वैशाखातली गोष्ट. माणसे मळ्यात गेली होती. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि त्या राखायला मनू घरी होती. भर दुपारी मष्णू आला. आता तो म्हातारा झाला होता. संकेश्वरला दिलेली रुक्माबाईची लेक बाळंत झाली होती. तिचा सांगावा घेऊन तो पहाटेपासून चार कोस चालत आला होता. गावचे सांगावे पोचवणे हे त्याच्या वाट्याचे काम होते.

"आक्का, आजीला सांग, मुलगा झाला," तो म्हणाला. "बाळ-बाळंतीण खुशाल हाईत. आन् मला पाणी घाल बाय. घशाला कोरड पडलीया."

मनूने मला खुंटीवरून काढले. जोत्याच्या कडेला नीट टेकवले, काळा दोरा आपल्याकडे. तांब्या ओतला. पण त्या उन्हाळ्याने मी मधोमध तडकले होते. पाणी अर्ध्या वाटेवरच गळून मातीत गेले. खालच्या ओंजळीत चार थेंब पडले असतील नसतील. मनूने दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. माती भिजली. मष्णूने ओले हात तोंडावरून फिरवले.

"नळी फुटलीया, आक्का. तांब्यानंच वरनं वत."

"न्हाय. नळीबिगर घालायचं न्हाय म्हणून आजीनं सांगितलंय."

एवढ्यात मनूच्या हातून मी निसटले आणि घरंगळत मष्णूच्या पायाशी गेले. त्याने मला उचलले. तेरा-चौदा वर्षांनी त्याचे हात मला लागले. त्याने मला ओळखले असावे, कारण त्याने अंगठा माझ्या घासलेल्या तोंडावरून एकदा फिरवला. "दे, बांधूनच देतो," असे म्हणून तो खाली बसला. फटीत पागोट्याची चिंधी कोंबली. आपल्या घुंगरांच्या काठीच्या मुठीला गुंडाळलेली अंबाडीची दोरी सोडली, माझ्याभोवती तीन वेढे आवळले आणि वर एक आडवी गाठ मारली. घशाला कोरड पडलेला माणूस आपल्या घोटभर पाण्यासाठी आपल्याच अपमानाची डागडुजी करत होता, आणि तीही नेटकी. त्याला वाईट काम करताच येत नसे.

"धर आता. थेंब गळायचा न्हाय."

मनू मागे सरली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मी कशी धरू? तू सगळीलाच शिवलास की!"

आठ वर्षांची पोर सत्तरीच्या म्हाताऱ्याला अरेतुरे करत होती. त्यात तिला काही वावगे वाटत नव्हते, आणि त्यालाही त्याचे नवल नव्हते. मी दोघांच्या मध्ये पडून होते. जोत्यावर तांब्या भरलेला होता. आडात पाणी होते. नळी सांधलेली होती. सगळे होते, मित्रांनो! आणि तरी पाणी त्या ओंजळीपर्यंत तीन हात खाली उतरू शकत नव्हते.

"मग वरनं वत की, बाय. कुणी बघत न्हाय."

"आजी मारंल."

आजीने तिला उभ्या जन्मात एक चापट मारली नव्हती.

मष्णू उठला. मला त्याने जोत्याला टेकवून ठेवले. "असू दे. सांगावा तेवढा इसरू नगंस," म्हणाला आणि ओढ्याच्या वाटेने गेला. वैशाखात तो ओढा कोरडा ठणठणीत असतो हे त्याला माहीत नव्हते काय? पण माणूस कुठेतरी जाणारच.

तिन्हीसांजेला रुक्माबाई मळ्यातून आली. नातू झाल्याचे ऐकून तिने डोळे पुसले, देवापुढे दिवा लावला आणि दारोदार साखर वाटली. ती साखर वाटत असतानाच कोणी तरी येऊन सांगितले की मष्णू ओढ्याकाठच्या करंजाखाली पडलाय, अंग गार झालेय. रुक्माबाई थबकली. "अरेरे," म्हणाली. मनापासून म्हणाली, तसे मी नाकारणार नाही. मग तिची नजर माझ्यावरच्या नव्या दोरीवर गेली आणि तिने मनूला जवळ घेतले.

"त्यानं बांधल्यावर तू शिवलीस का गं हिला?"

"न्हाय आजी. मी पाणीच न्हाय घातलं. तसाच गेला त्यो."

"शानी गं माझी बाय!" रुक्माबाईने तिच्या तळव्यावर मूठभर साखर ठेवली. मनूने माझ्याकडे पाहिले, ओढ्याच्या वाटेकडे पाहिले आणि साखर खाल्ली.

माझा सगळ्यात मोठा राग त्या साखरेवर आहे. पोरीच्या मनात काहीतरी जागे झाले होते. ते मी तिच्या डोळ्यांत पाहिले होते. त्या रात्री तिला कोणी नुसते गप्प बसू दिले असते, तरी कदाचित ते वाढले असते. पण आजीने ते गोड करून टाकले.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा गोमूत्राने धुतले. मष्णूचा स्पर्श त्याने गेला म्हणे. त्याची गाठ मात्र कोणी सोडली नाही, कारण गाठ पक्की होती. त्या गाठीच्या जिवावर मी आणखी बावीस वर्षे राबले.

मनूची मनुबाई झाली. तिला भाऊ नव्हता, म्हणून जोतिबा नावाचा घरजावई आणला. सुबराव गेले, रुक्माबाई गेली, राजाबाई गेली. मी खुंटीवर होतेच. मनुबाईने आपल्या इंदूला मला धरायला शिकवले. शिकवताना तिचा हात गाठीवर आला की ती चटकन तो बाजूला घ्यायची. पण शिकवले तिने, हेही तितकेच खरे.

सत्तेचाळीस साली, श्रावणात, गावच्या चावडीवर झेंडा लागला. चावडीपुढचे मैदान पहाटेपासून यल्लव्वाने झाडले होते. ही मष्णूची लेक. लोंढ्याकडे दिली होती. नवरा वारल्यावर ती नुकतीच बापाच्या खोपटात परतली होती. झेंड्याला वंदन झाले, मुलांना साखर वाटली, इंदू मूठ घट्ट धरून घरी आली. पाठोपाठ यल्लव्वा अंगणात येऊन उभी राहिली. "पाणी घाला, आक्का."

इंदूने मला काढून जोत्याला टेकवले. साखर सांडू नये म्हणून मूठ आवळलेलीच. यल्लव्वा खाली बसली, ओंजळ पुढे केली, आणि तिची नजर माझ्या मध्यावर गेली.

"ही गाठ कुणी मारलीया?"

मनुबाई दारात आली होती.

"आमच्या बाची काठी अजून घरात हाय. तिच्या घुंगरांस्नी हीच गाठ हाय. मूठ तेवढी उघडी. करंजाखाली बा गावला तवा वठ कोरडे पडलेले आन् दोरी न्हवती. ती कुठं गेली म्हणून आय मरस्तवर इचारत हुती."

असे म्हणून यल्लव्वाने मला उचलले. काळा दोरा, घरची बाजू, बाहेरची बाजू, काही पाहिले नाही. दातांनी गाठ सैल केली आणि तिन्ही वेढे सोडले. बावीस वर्षांनी मी मोकळी झाले आणि उभी चिरून दोन फाका होऊन तिच्या पायाशी पडले. दोरी तिने मनगटाला गुंडाळली.

मनुबाई तांब्या घेऊन जोत्याच्या पायऱ्या उतरली. अंगणात यल्लव्वासमोर येऊन तिने तांब्याच पुढे धरला. "घे. हातात घे."

यल्लव्वाने तांब्याकडे पाहिले. "तहान माझ्या बाला हुती," ती म्हणाली आणि निघून गेली.

मनुबाईने भरलेला तांब्या पायरीवर ठेवला. इंदूने माझ्या फाका गोळा केल्या आणि विचारले, "आई, नवी नळी कवा आणायची?"

तेव्हा मनुबाई पायरीवर बसली आणि जन्मात पहिल्यांदा तिने ती दुपार बोलून दाखवली. मिरच्या, तडकलेली नळी, तीन तांबे, करंजाचे झाड, रुक्माबाईने दिलेली साखर. इंदू ऐकत होती. तिची मूठ घामाने चिकट झाली होती. सगळे ऐकून झाल्यावर ती म्हणाली,

"मग पणजीनं तुला साखर का दिली गं?"

आणि तिने आपली मूठ उघडली नाही.

मित्रांनो, माझी एक फाक त्याच संध्याकाळी चुलीत गेली. दुसरी गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे, तीच हे सांगते आहे. जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला नेहमी सांगतात. मला जपू नका. मी आगीतच बरी. पण तुमच्या घरची मायेची माणसे जेव्हा तुमची पाठ थोपटतील, शहाणे म्हणतील, तळव्यावर साखर ठेवतील, तेव्हा तोंडात टाकण्याआधी इंदूने विचारले ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत मूठ उघडू नका.